चौथ्या कार्डाची साडेसाती

ग्वाल्हेरच्या दाना ओलीत त्या सकाळी पायताण ठेवायला जागा उरली नव्हती. गल्लीच्या तोंडापासून हेमेंद्र मोहित्यांच्या जिन्यापर्यंत चपला आणि नारळाच्या शेंड्यांचा सडा पडला होता. जिन्यावर माणसं एकमेकांच्या खांद्यावरून माना उंचावून उभी होती. वर कोणी साधू समाधीला बसला नव्हता, की मूर्ती दूध पीत नव्हती. वर एक कॉम्प्युटर होता. त्याच्या काळ्या पेटीला झेंडूचा हार घातला होता, पुढे हळदकुंकू वाहिलं होतं, आणि आतल्या पंख्यांनी अंगारा ओढून घेऊ नये म्हणून कोणा शहाण्याने जाळीवर रुमाल बांधला होता. मे महिन्यातलं ग्वाल्हेरचं ऊन, त्यात तो रुमाल. मशीन गुदमरत होतं, पण भक्तीपुढे हवेची काय किंमत.

लोक जमले होते ते हे मशीन बंद पडताना पाहायला.

हेमेंद्रचा छोटा ॲनिमेशन स्टुडिओ होता. लष्कर भागातल्या निरंजननाथ संस्थानाने त्याला नाथांच्या आयुष्यावर एक लहान चित्रपट करायला सांगितला होता. पुण्यतिथीच्या उत्सवात तो मठाच्या भिंतीवर दाखवायचा होता. नाथांचा चेहरा, जटा, डोळे, सगळं यशश्री भागवतने घडवलं होतं. ती स्टुडिओतली एकमेव मुलगी आणि, हेमेंद्र स्वतः म्हणायचा त्याप्रमाणे, एकमेव कलाकार. शेवटच्या दृश्यात धुनीचा धूर दाटतो, नाथ समाधीतून डोळे उघडतात आणि त्याच क्षणी मठातल्या शेकडो समया आपोआप पेटतात. कॉम्प्युटरवर घडवलेल्या अशा दृश्याची पक्की चित्रं मशीनकडून काढून घ्यावी लागतात. त्याला रेंडरिंग म्हणतात, आणि ते काम मशीनमधली ग्राफिक्स कार्डं करतात. हेमेंद्रच्या मशीनमध्ये अशी तीन कार्डं होती. काम लवकर उरकावं म्हणून त्याने चौथं आणून बसवलं होतं.

बाकी सगळा चित्रपट निघाला. नाथ डोळे उघडायला आले, की मशीन बंद.

पहिल्यांदा झालं तेव्हा सगळे हसले. मग सॉफ्टवेअर पुन्हा घातलं, मेमरी बदलली, एका इंजिनिअरने येऊन चहा पिऊन मान हलवली. नाथांच्या पापण्या हलल्या, की खोलीत एकदम शांतता आणि पडद्यावर अंधार. हेमेंद्रच्या आईने, विजयाबाईंनी, ही गोष्ट भजनी मंडळात सांगितली. मंडळाने ती बाजारात नेली. बाजारातून ती परत आली तेव्हा तिचं रूप पालटलं होतं: नाथांना या कलियुगात डोळे उघडायचे नाहीत.

आणि अशी बातमी पसरली, की तिच्या वासावर कोणीतरी येतंच. या वेळी यंत्रानंद महाराज आले.

महाराजांचं वय पंचेचाळिशीचं, दाढी नीट कातरलेली, भगव्या कुर्त्याच्या खिशात दोन मोबाइल. त्यांची ख्याती अशी, की ते बिघडलेल्या यंत्रांची शांत करतात. कोणाचा इन्व्हर्टर, कोणाचं वॉशिंग मशीन, एका वकिलाची मोटार. सुधरलं तर महाराजांची कृपा, नाही सुधरलं तर मालकाचं प्रारब्ध. असा धंदा, ज्यात नुकसान होण्याची सोयच नाही.

यशश्री कीबोर्डपाशी उभी होती. महाराजांनी मशीनला प्रदक्षिणा घातली, डोळे मिटले आणि प्रवचन सुरू केलं. यंत्राला जड समजू नका, ते म्हणाले. याच्या पोटात मेमरी आहे, तिचं नाव काय? आर, ए, एम. राम. ज्याच्या पोटात राम बसलेत, त्याला प्राण कसा नसेल? आणि आत जो मोठा फलक आहे, त्याला इंग्रजही मदरबोर्ड म्हणतात, मदर. मातृशक्ती. पंखे म्हणजे याचा प्राणायाम. लोकांनी माना डोलावल्या. एका सद्गृहस्थाने तर घरच्या मशीनमध्ये किती जीबी राम असावा, असंही विचारून घेतलं.

महाराजांनी मशीन चालवायला सांगितलं. यशश्रीने बटण दाबलं. धूर आला, नाथांच्या पापण्या थरथरल्या, पंखे घोंघावले आणि सगळं विझलं. खोलीत ‘निरंजननाथ महाराज की जय’ झाली. खाली गल्लीत, ज्यांना काहीच दिसलं नव्हतं, त्यांची जय जास्त मोठी होती.

“हे डोळे कोणी काढले?” महाराजांनी विचारलं.

यशश्रीने सांगितलं, मी.

महाराजांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. मग विजयाबाईंकडे वळून, दुःखाने भरल्यासारख्या आवाजात म्हणाले, “आई, विटाळाच्या दिवसांत नाथांच्या नेत्रांना हात लागला आहे. तो दोष चौथ्या कार्डात जाऊन बसलाय. साडेसाती आहे ती. तिला घराबाहेर काढावं लागेल.”

ती म्हणजे कार्ड की मुलगी, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही. विजयाबाईंनी दोन्ही धरलं.

यशश्रीचे कान तापले. नाकारावं कसं? महिनाभर ती रोज ते डोळे घडवत होती. त्या महिन्यात ते दिवस आले होतेच. भरल्या खोलीत, शेजारपाजारच्या पुरुषांसमोर, ही गोष्ट ती कशी बोलणार होती. तिने हेमेंद्रकडे पाहिलं. तो चांगला माणूस होता, आणि पुष्कळ चांगली माणसं अशा वेळी जे करतात तेच त्याने केलं. जमिनीकडे पाहिलं.

महाराजांनी स्वतः पेटी उघडली. चौथ्या कार्डाच्या टोकाला एक बारीकसा खटका असतो. नवख्याला तो सापडत नाही, यशश्रीलाही पहिल्यांदा टॉर्च लावून शोधावा लागला होता. महाराजांनी डोळे मिटून मंत्र म्हणत म्हणत अंगठ्याने तो अलगद दाबला आणि कार्ड उपसून लाल कपड्यात गुंडाळलं. हे चंबळेत विसर्जित करू, ते म्हणाले. मग जाता जाता हेमेंद्रला बाजूला घेऊन त्यांनी कार्डाचा खोका आणि बिलही मागून घेतलं. दोष कागदालाही चिकटतो म्हणे.

आता तीन कार्डांवर मशीन चालवलं. पंखे घोंघावले, समया पेटल्या आणि नाथांनी डोळे उघडले.

विजयाबाई रडू लागल्या. जिन्यावरची माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. कोणीतरी यशश्रीच्या हातातला माऊस काढून घेतला आणि तिला वाट करून दिली. मोठ्या माणसाला देतात तशी नाही, ओली छत्री घेऊन कोणी आत आलं की देतात तशी.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली, तर विजयाबाईंनी जिन्याच्या पायथ्याशीच स्टुलावर बसवून तिला चहा दिला. बेटा, उत्सव होईपर्यंत वर येऊ नकोस, त्या म्हणाल्या. आवाज अगदी मायेचा होता, आणि त्यामुळेच यशश्रीला तो जास्त लागला. पाटणकर बाजारात दोन बायका तिच्याकडे बघून कुजबुजल्या, “यही है वो लड़की.” घरी आई म्हणाली, वाद वाढवू नकोस, झाशीच्या स्थळाकडून निरोप यायचाय. निरोप आलाही. पत्रिका पुन्हा बघायची आहे, असा.

संध्याकाळी ती सरोजिनीआत्याकडे जाऊन बसली. आत्याने आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं होतं. लग्न केलं नव्हतं, आणि त्याबद्दल कोणी काही विचारलं की ती समोरच्याचा पगार विचारायची. यशश्री बोलता बोलता रडली. आत्याने तिला रडू दिलं, मग पाण्याचा पेला पुढे केला.

“आता सांग. मशीन बंद पडतं म्हणजे नेमकं काय होतं?”

“बंद पडतं, आत्या. और क्या?”

“हे उत्तर नाही. चित्र गोठतं? काही सूचना येते? निळा पडदा?”

यशश्रीने डोळे पुसले आणि आठवू लागली. नाही. चित्र गोठत नाही, सूचना नाही. भिंतीतून प्लग उपटावा तसं सगळं एकदम जातं, पंख्यांसकट. आणि नंतर बटण दाबून सुरूही होत नाही. भिंतीवरचा स्विच बंद करून पुन्हा लावावा लागतो.

“म्हणजे मशीन चुकत नाहीये,” आत्या म्हणाली. “कोणीतरी त्याची वीज तोडतंय. आत वीज कोण वाटतं?”

यशश्रीने मनातल्या मनात मशीनची पेटी उघडली. पॉवर सप्लाय. पेटीच्या तळाशी बसणारा, भिंतीतली वीज घेऊन प्रत्येक भागाला पुरवणारा लोखंडी डबा. तो कधी बदलला? कधीच नाही. तीन कार्डं होती तेव्हाचाच. चौथं कार्ड आलं तेव्हा त्याला जोडायला तार उरली नव्हती, म्हणून हेमेंद्रदादाने आधीच्या एका तारेला दुतोंडी जोड लावून काम भागवलं होतं. आणि तीन कार्डं असताना मशीन कधी बंद पडलं होतं? एकदाही नाही.

“पण मग डोळ्यांपाशीच का?” आत्याने विचारलं.

याचं उत्तर यशश्रीच्या तोंडून आपोआप आलं. डोळे उघडताच सगळ्या समया एकदम पेटतात, धुराच्या कणाकणात त्यांचा उजेड पसरतो. सगळ्या चित्रपटात एवढं जड दृश्य दुसरं नाही. साध्या दृश्यात कार्डांना दम खायला वेळ मिळतो, इथे चारही एकदम जीव तोडून पळतात, एकदम वीज मागतात, आणि डबा स्वतःला वाचवायला मान टाकतो. हे दृश्य तिनेच तसं रचलं होतं. ती स्वतःवरच चिडली. सगळं गाव नाथांच्या चेहऱ्याकडे बघत होतं, आणि तीही तिकडेच बघत बसली होती.

“हा झाला तर्क,” आत्या म्हणाली. “तर्क बाबाकडेही आहे. त्याचा खोटा आणि तुझा खरा, हे करून दाखवायला हवं.”

संधी महाराजांनीच दिली. हाव थांबली नाही. तीन कार्डांवर काम सावकाश चाललं होतं, उत्सव तोंडावर आला होता, हेमेंद्र कासावीस होऊन महाराजांकडे गेला. महाराजांनी ध्यान लावलं आणि सांगितलं की चौथ्या कार्डाचा दोष शेजारच्या तिसऱ्याला लागलाय, तेही विसर्जित करावं लागेल. खोक्यासकट. तेव्हा कुठे हेमेंद्रच्या डोक्यात काहीतरी हललं. तो सरळ भागवतांच्या घरी आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, यशश्री, मी त्या दिवशी बोलायला हवं होतं. तिने त्याला आत बोलावलं, पण ‘जाऊ दे’ म्हणाली नाही.

कार्ड न्यायला महाराज येणार त्याच सकाळी आत्या आणि यशश्री दाना ओलीत पोचल्या. पुन्हा तीच गर्दी. विजयाबाई जिन्याशी आडव्या आल्या. आत्याने त्यांना एवढंच सांगितलं, की विजयाबाई, माझ्या भाचीवर आरोप तुमच्या घरात झालाय, तपासही तुमच्याच घरात होईल. विजयाबाई बाजूला झाल्या. महाराज म्हणाले, अशुद्ध हातांनी दैवी गोष्टीची परीक्षा घेणं पाप आहे. तेव्हा संस्थानाचे म्हातारे विश्वस्त, जे इतके दिवस नुसते जपमाळ ओढत होते, ते म्हणाले, नाथ काय एवढ्याने विटाळतात का? बघू द्या.

आत्याचा एक जुना विद्यार्थी बाजारात कॉम्प्युटरचं दुकान चालवत होता. त्याने एक नवीन कार्ड आणि एक मोठा पॉवर सप्लाय दिवसभरासाठी दिला होता. यशश्रीने सीलबंद खोका सगळ्यांसमोर विश्वस्तांकडून उघडवला. या कार्डाला कोणत्याही दोषाने अजून पाहिलेलं नाही, आत्या म्हणाली, साडेसाती असेल तर कारखान्यातूनच आली असेल. लोक हसले. महाराज नाही हसले.

नवं कार्ड चौथ्या जागी, जुन्याच डब्यावर बसवलं. मग यशश्रीने दृश्य उघडलं, नाथांची आकृती बाजूला काढली आणि मठाच्या मधोमध, त्यांच्या आसनाच्या जागी, एक निळी प्लास्टिकची बादली ठेवली. तिच्यात आंघोळीचा मग. समया तशाच, धूर तसाच.

“हे काय?” विजयाबाईंनी दचकून विचारलं.

“बादली आहे, काकू,” यशश्री म्हणाली. “हिला डोळे नाहीत आणि माझा विटाळही हिला लागलेला नाही. आत्ताच, तुमच्यासमोर बनवली.”

तिने बटण दाबलं. धूर आला. समया पेटल्या. उजेडात बादली तळपू लागली, पंखे घोंघावले आणि सगळं विझलं.

या वेळी जय झाली नाही. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, “बाल्टी ने भी समाधि ले ली, भैया,” आणि हास्याची एक लाट जिन्यावरून खाली गल्लीपर्यंत गेली.

महाराज म्हणाले की नाथांच्या आसनावर बादली ठेवल्यामुळे कोप झाला. आत्याने मान डोलावली, जणू वर्गातल्या मठ्ठ मुलाने अखेर कामाचं काहीतरी विचारलं होतं. मग उलटं करून पाहू, ती म्हणाली. यशश्रीने बादली काढली, नाथांना परत आसनावर बसवलं, पण समया आणि धूर काढून टाकले. डबा जुनाच, कार्डं चारच, डोळे यशश्रीनेच घडवलेले. बटण दाबलं. नाथांच्या पापण्या हलल्या आणि डोळे शांतपणे उघडले. मशीन चालूच राहिलं. तिने पुन्हा दाखवलं. नाथांनी पुन्हा डोळे उघडले.

आता यशश्रीने जुना डबा काढून मोठा बसवला, प्रत्येक कार्डाला स्वतःची तार दिली आणि तो तापलेला दुतोंडी जोड विश्वस्तांच्या हातात ठेवला. त्याचं प्लास्टिक एका कडेला तपकिरी होऊन वितळलं होतं. मग पूर्ण दृश्य लावलं: धूर, समया, नाथ, चारही कार्डं. समया पेटल्या, नाथांनी डोळे उघडले आणि दृश्य शेवटापर्यंत गेलं. तिने जाळीवरचा रुमालही सोडला. यालाही श्वास लागतो, ती म्हणाली, महाराजांनी सांगितलंय ना, प्राणायाम.

आत्या लोकांकडे वळली. तिचा आवाज चढला नाही. “तुमच्या घरी एकाच बोर्डावर इस्त्री, गिझर आणि मिक्सर लावलात तर फ्यूज उडतो. तेव्हा तुम्ही मिक्सरची शांत करता का? एक वस्तू काढली की बाकीच्या चालतात, कोणतीही काढा. इथेही चारातलं कोणतंही कार्ड काढलं असतं तरी नाथांनी डोळे उघडले असते. एवढाच चमत्कार. आणि महिनाभर रोज काम करणाऱ्या कोणत्याही बाईवर विटाळाचा आरोप करून बघा, खराच ठरेल. महिना आहे तो. हे कळायला अंतर्ज्ञान लागत नाही, कॅलेंडर पुरतं.”

महाराज उठले. यशश्रीने त्यांना थांबवलं नाही, फक्त विचारलं की तो बारीक खटका त्यांना डोळे मिटून कसा सापडला. आणि विसर्जनाला निघालेल्या कार्डाचा खोका आणि बिल कशाला लागतं.

महाराज विश्वस्तांकडे पाहून काहीतरी संस्कृत म्हणाले. विश्वस्तांना संस्कृत येत होतं. ते म्हणाले, या ओळीला अर्थ नाही.

मग हेमेंद्र बोलला. अखेर. तो म्हणाला, महाराज, कार्ड संध्याकाळपर्यंत आलं नाही तर मी पोलीस चौकीत जातो. गर्दीतल्या एकाला तेवढ्यात आठवलं की या चेहऱ्याच्या माणसाचं, दाढी नव्हती तेव्हा, आग्र्याला जुन्या कॉम्प्युटरांचं दुकान होतं. महाराज गेले ते जिन्यावरची माणसं बाजूला सारत, स्वतःच्या चपला न शोधता. संध्याकाळी त्यांचा चेला कार्ड देऊन गेला. चंबळेतून आलेली ती वस्तू ठणठणीत कोरडी होती आणि खोक्यावर विक्रीसाठी किमतीची चिठ्ठी लावलेली होती.

गल्ली रिकामी होताना काही मंडळी सरोजिनीआत्याच्या पाया पडू लागली. एका बाईंनी घरचा कूलर बघायची विनंती केली, तुमच्या हातात सिद्धी आहे म्हणाल्या. आत्या वैतागली. एक खूळ जाऊन दुसरं बसायला पाच मिनिटं लागत नाहीत, हे तिने आयुष्यभर पाहिलं होतं. तिने पाय मागे घेतले आणि म्हणाली, पाया पडू नका, विचारा. मलाही विचारा. कोणी म्हणालं अमक्यामुळे तमकं झालं, तर ते अमकं काढून बघा, तमकं होतं का ते पाहा. ज्याला तुम्ही असं विचारलेलं चालत नाही, त्याच्याकडे लपवायला काहीतरी आहे, एवढं समजा.

सगळे गेल्यावर विजयाबाई वरच्या खोलीत यशश्री आणि आत्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. क्षमा मागायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी पदराने पडद्यावरची धूळ पुसली. मग आत्याकडे न बघता म्हणाल्या, “सरोजिनीताई, मी एवढी वर्षं त्या दिवसांत लोणच्याच्या बरणीला हात लावला नाही. सुनेलाही लावू देत नाही. नासतं म्हणतात.”

“कोणी लावून पाहिलंय?”

“नाही.”

“कैऱ्या बाजारात आल्याच आहेत,” आत्या म्हणाली. “दोन बरण्या घाला.”

विजयाबाईंनी पदर सावरला, जिन्याच्या तोंडाशी जाऊन सुनेला हाक मारली आणि विचारलं, घरात सारख्या मापाच्या दोन बरण्या आहेत का.